नाक व सायनसच्या कर्करोगात किरणोपचाराच्या निष्पत्तीचा अंदाज कसा घ्यावा

नाकाची पोकळी आणि सायनस यांचे कर्करोग दुर्मीळ असल्यामुळे ‘पाच वर्षे जगण्याचे प्रमाण’ म्हणून सांगितला जाणारा आकडा बहुधा अनेक प्रकारच्या गाठी एकत्र मोजून काढलेला असतो. तो आपल्या रुग्णाला लावण्यापूर्वी बायोप्सीचा अहवाल हातात घ्यावा. स्क्वॅमस सेल कार्सिनोमा (अस्तराच्या चपट्या पेशींचा कर्करोग) सर्वाधिक आढळतो. अ‍ॅडिनॉइड सिस्टिक कार्सिनोमा (लाळग्रंथींसारख्या ग्रंथींचा कर्करोग) मात्र मज्जातंतूंच्या कडेने सरकतो आणि दहा वर्षांनंतरही उलटू शकतो, म्हणून त्याच्या बाबतीत पाच वर्षांच्या आकड्यावर विसंबू नये.

त्यानंतर शस्त्रक्रियेचा अहवाल पाहावा. कापलेल्या कडा रोगमुक्त असल्यास साधारण ६० ग्रे (किरणांच्या मात्रेचे एकक), कडेला रोग उरला असल्यास ६६ ग्रे आणि शस्त्रक्रिया शक्यच नसल्यास ७० ग्रेच्या आसपास मात्रा, रोज २ ग्रे याप्रमाणे आठवड्यातून पाच दिवस दिली जाते. शस्त्रक्रियेनंतर सुमारे सहा आठवड्यांत ‘लाईट’ (म्हणजे किरणोपचार) सुरू व्हावी. हा रोग बहुतेकदा मूळ जागीच परततो, त्यामुळे डॉक्टरांना स्थानिक नियंत्रणाचे (मूळ जागी रोग न परतण्याचे) प्रमाण आयुर्मानापासून वेगळे विचारावे.

खरा पेच डोळ्यांचा असतो. एथमॉइड सायनस (दोन्ही डोळ्यांच्या मधला) आणि डोळ्याची खोबण यांच्यामध्ये कागदासारखे पातळ हाड असते, तर दृष्टिचेता (डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नस) आणि दोन्ही दृष्टिचेता मेंदूलगत जिथे एकमेकींना छेदतात ती जागा यांना सुमारे ५४ ग्रेपलीकडे मात्रा जाऊ नये असा प्रयत्न असतो. म्हणजे गाठीला हवी असलेली मात्रा शेजारच्या चेतेला सोसत नाही. आयएमआरटी या, किरणांची तीव्रता जागोजागी कमी-जास्त करणाऱ्या, तंत्राने अंधत्वाचे प्रमाण पुष्कळ घटले, तरी नियोजन तयार झाल्यावर ‘दृष्टिचेतेला कमाल किती ग्रे पडणार?’ हे नि:संकोच विचारावे, कारण किरणांमुळे झालेला मोतीबिंदू काढता येतो, पण किरणांनी गेलेली दृष्टिचेता सहसा परत येत नाही, आणि हे नुकसान अनेक महिन्यांनी किंवा काही वर्षांनीही उघड होते. गाठ चेतेला अगदी खेटून असेल तर प्रोटॉन उपचाराबद्दल (ठरावीक खोलीवर थांबणाऱ्या प्रोटॉन कणांचा किरणोपचार) दुसरे मत घ्यावे. नवी मुंबईत खारघर येथील टाटा मेमोरियल सेंटरच्या अ‍ॅक्ट्रेकमध्ये ती सोय आहे.

किडके दात, किरण देताना डोके स्थिर ठेवणारा मास्क बनवण्यापूर्वीच काढून घ्यावेत, कारण नंतर दात काढल्यास जबड्याचे हाड कुजण्याचा धोका असतो. उपचार संपल्यावर पेट-स्कॅन (उरलेला रोग शोधणारी तपासणी) बारा आठवड्यांच्या आत करण्याची घाई करू नये. सुजेमुळे तो फसवा निघू शकतो. पुढील वर्षांत एमआरआयबरोबर थायरॉइड व पिट्युटरी (मेंदूच्या तळाशी असलेली ग्रंथी) यांच्या संप्रेरकांची तपासणीही करून घ्यावी.