लिदीनं वांगी करपली, मग ढीग लावला

गावात वरातीचा घोडा पाळणारे एक काका आहेत. लीद फुकट मिळते म्हणून मागच्या जूनमध्ये चार टोपली थेट सांदवाडीतल्या, म्हणजे घरामागच्या परसबागेतल्या, वांग्यांच्या बुडाशी टाकली. आठवड्यात पानांच्या कडा करपल्या आणि पाऊस पडताच वांग्यांपेक्षा गवतच जोरात उगवलं. घोडा रवंथ करत नाही, गवताचं बी त्याच्या पोटातून शाबूत निघतं. हे आईनं सांगितलं, पण टाकून झाल्यावर!

मग उरलेली लीद निंबाच्या सावलीत कंबरेएवढी रचली. लिदीसोबत घोड्याखालचा तणसाचा (पेंढ्याचा) अंथर जास्त आला असेल तर थोडं शेणही मिसळा, नाहीतर कुजायला वेळ लागतो. ओल इतकीच, की मूठ दाबल्यावर एखाद-दोन थेंब यावे. तिसऱ्या दिवशी आत हात घालवेना. ५५ अंशांच्या वर गरमी गेली की बहुतेक बी मरतं, पण बाहेरचा थर थंडच राहतो. म्हणून दर आठ-दहा दिवसांनी फावड्यानं बाहेरचं आत केलं, वरून सोयाबीनचं कुटार पसरलं. तीन महिन्यांनी वास गेला, काळंभोर, भुसभुशीत खत झालं. दिवाळीआधी झाडामागे दोन ओंजळी दिल्या. गवत थोडं आलं, पण वांगी शेजारच्या काकूही नेतात.