तांब्याच्या पेल्यात वाइन? या चुका टाळा

सोलापुरात वाइन पिणारे वाढलेत, आनंद आहे. पण चांगली हजाराची बाटली आणून लोक ती ज्या भांड्यात ओततात ते पाहिलं की जीव तुटतो. प्रत्येकाला तेच तेच सांगून कंटाळलो, म्हणून एकदाच लिहून टाकतो.

पहिली आणि सगळ्यात वाईट चूक म्हणजे तांब्याचा पेला. “तांब्यातलं पाणी चांगलं, मग वाइन का नको?” अहो, तुमच्या आजीने कल्हई उडालेल्या पितळेत कधी ताक ठेवलं होतं का? कारण तेच आहे. वाइन आंबट असते, तिचा पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप, तीन ते चारच्या आसपास. तिच्यातलं मुख्य आम्ल टार्टारिक, म्हणजे चिंचेतलंच. ज्याने आपण तांब्या-पितळेची भांडी घासतो तेच तुम्ही पेल्यात ओतता आणि वर पिता.

मागच्या जानेवारीत मंगळवेढ्याकडे एका मित्राच्या मळ्यात हुरड्याला गेलो होतो. त्याने हौसेने आजोबांचे तांब्याचे पेले काढले. बाहेरून चिंच-मीठ लावून लखलखीत, आतून काळपट. मी नको म्हणालो तर “तू लई शहाणा” म्हणून मलाच गप्प केलं. रेड वाइन ओतली, शेंगाचटणी आली, गप्पा रंगल्या आणि पेले तासभर तसेच भरलेले राहिले. नंतरचा घोट घेतला तर जिभेवर जुनं नाणं ठेवल्यासारखी चव! एकाला रात्री मळमळलं, दोष मात्र हुरड्यावर गेला. सकाळी पाहिलं तर एका पेल्यात उरलेली वाइन जिथवर होती तिथवर आतलं तांबं गुलाबी, चकचकीत झालेलं. तिथला काळपट थर वाइनमध्येच उतरला होता.

आता कुणी हुशार सांगेल की कुजक्या अंड्याचा वास येणाऱ्या वाइनला तांबं लावलं की वास जातो. जातो, कारण तांबं त्यातल्या गंधकाच्या संयुगांना धरून ठेवतं. पण क्षणभर लावणं वेगळं आणि तासभर भिजवणं वेगळं.

स्टीलला मात्र लोक उगाच नावं ठेवतात. वाइनरीत बहुतेक वाइन स्टीलच्या टाक्यांतच तयार होते. फुलपात्राची अडचण वेगळी आहे. रंग दिसत नाही, काठ जाड, मुठीत धरलं की लगेच गरम, आणि सकाळच्या ताकाचा वास तळाशी बसलेला. नाइलाज असेल तर गरम पाण्याने विसळून आधी रिकामं हुंगा.

दुसरी माझी दुखरी नस म्हणजे टॉवेल. आपल्या गावचा टॉवेल जगात नावाजलेला, पण नव्या टॉवेलने ग्लास पुसला की आत तंतूच तंतू. वर कपाटातल्या डांबरगोळ्यांचा वास. मी ग्लास पुसायला वडिलांचं जुनं धोतर वापरतो, पन्नासदा धुऊन मऊ झालेलं. बोअरच्या पाण्याचा पांढरा थर बसला असेल तर लिंबाच्या पाण्याने विसळतो. साबण अगदी थेंबभर. ग्लास उपडा घालून कपाटात कोंडू नका, लाकडाचा वास आत साठतो.

कागदी कप: नको. प्लास्टिक: सहलीपुरतं. कुल्हड वाइन शोषतो आणि बदल्यात माती देतो. जॉर्जिया देशातल्या वाइनच्या मातीच्या रांजणांचं उदाहरण देऊ नका, त्या रांजणांना, म्हणजे क्वेव्रींना, आतून मधमाशीच्या मेणाचा लेप असतो. शिसं असलेल्या जुन्या क्रिस्टलमध्ये वाइन रात्रभर ठेवू नका, शिसं उतरतं.

काच घ्या. पातळ काठाची, वर निमुळती. वास घ्यायला शिकायचं असेल तर आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानकसंस्थेच्या १९७७ च्या मानकातला छोटा ग्लास पुरतो, साधारण २१५ मिलिलिटरचा. त्यात ५० मिलिलिटरच ओता. काठोकाठ भरणाऱ्यांना वास कुठे साठायचा हे कळतच नाही, सगळी घाई.

आणि “रेड रूम टेम्परेचरला प्यावी” हे सोलापूरच्या एप्रिलमध्ये पाळू नका. ती खोली युरोपातली, सोळा-अठरा अंशांची. मी उन्हाळ्यात रेडसुद्धा दोन तास फ्रीजमध्ये ठेवतो. फारच घाई असेल तर स्टीलच्या पातेल्यात बर्फ, पाणी आणि मूठभर मीठ घालून बाटली वीसेक मिनिटं बुडवा. ग्लासात बर्फ टाकणाऱ्यांशी मी बोलत नाही.