सोलापूर विद्यापीठात पदव्युत्तर शिक्षणासाठी येताना

पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ १ ऑगस्ट २००४ रोजी स्थापन झाले. त्यापूर्वी सोलापूर जिल्ह्यातील महाविद्यालये शिवाजी विद्यापीठाला जोडलेली होती आणि विद्यापीठाच्या कामासाठी कोल्हापूर गाठावे लागत असे. आता हे काम पुणे महामार्गावरील केगावला होते, ही मोठीच सोय झाली. तरीही एका जिल्ह्यापुरत्या या विद्यापीठाशी शंभराहून अधिक महाविद्यालये संलग्न आहेत, आणि प्रत्येक सत्रात त्यांचे परीक्षा अर्ज, गुण आणि निकाल एकाच यंत्रणेतून पुढे सरकतात. एवढ्या मोठ्या सार्वजनिक संस्थेत एका विद्यार्थ्याची अडचण आपोआप कोणाच्या लक्षात येत नाही. ती सांगावी लागते, योग्य टेबलावर सांगावी लागते आणि शक्यतो लेखी सांगावी लागते. अभ्यासात हुशार असलेली कितीतरी मुले केवळ विचारण्याच्या संकोचामुळे मागे पडतात. म्हणून करमाळ्यापासून अक्कलकोटपर्यंतच्या अकरा तालुक्यांतून केगावला येणाऱ्या, आणि विशेषतः घरातून विद्यापीठाची पायरी पहिल्यांदाच चढणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी हा मजकूर लिहिला आहे.

प्रवेशापूर्वीची तयारी

पदवीच्या शेवटच्या सत्राची परीक्षा संपली की निकालाची वाट पाहत बसू नये. उत्पन्नाचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र, जातीचा दाखला, लागू असल्यास नॉन-क्रीमी लेअर आणि जात वैधता प्रमाणपत्र ही कागदपत्रे त्या मोकळ्या दिवसांतच जमा करावीत, कारण जूनमध्ये तहसील कार्यालयात आणि सेतू केंद्रात सगळ्यांचीच एकदम झुंबड उडते. दाखल्यांवरील नावाचे स्पेलिंग दहावीच्या प्रमाणपत्राशी, आधार कार्डाशी आणि बँकेच्या पासबुकाशी अक्षरशः जुळते का, हे स्वतः समोर ठेवून तपासावे. वडिलांच्या नावात एक अक्षर कमी-जास्त असले तरी शिष्यवृत्तीचा अर्ज अडकतो आणि ऐन सत्राच्या मध्यावर तालुक्याला खेटे घालावे लागतात.

दुसऱ्या विद्यापीठातून पदवी घेतलेल्यांना स्थलांतर प्रमाणपत्र लागते. सोलापूरच्या सीमेलगतच्या कर्नाटकातून किंवा धाराशिव, लातूर भागातून येणाऱ्यांनी ते जुन्या विद्यापीठाकडे आधीच मागून ठेवावे. अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्सचे खाते उघडलेले नसेल तर तेही उघडावे, कारण नव्या शैक्षणिक धोरणानुसार मिळवलेली क्रेडिट्स तेथेच जमा होतात.

राहणे आणि येणे-जाणे

विद्यापीठाचे आवार शहराच्या मध्यावर नाही, हे लक्षात घेऊन राहण्याचा निर्णय करावा. मोहोळ किंवा पंढरपूरकडून येणाऱ्या विद्यार्थ्यांना महामार्गाने येताना विद्यापीठ शहराच्या अलीकडेच लागते, त्यामुळे रोज ये-जा करणे त्यांना तुलनेने सोपे पडते. अक्कलकोट किंवा दक्षिण सोलापूरच्या विद्यार्थ्याला मात्र आधी शहरात येऊन, संपूर्ण शहर ओलांडून दुसरे वाहन धरावे लागते. सकाळच्या प्रात्यक्षिकांसाठी हा प्रवास दमवणारा ठरतो. एसटीच्या मासिक पासात विद्यार्थ्यांना ६६.६७ टक्के सवलत मिळते. त्यासाठी लागणारे बोनाफाईड प्रमाणपत्र प्रवेश झाल्याच्या आठवड्यातच काढून घ्यावे.

वसतिगृहाच्या जागा मर्यादित असतात. प्रवेशाच्या वेळीच अर्ज द्यावा आणि तो गुणवत्ता यादीत कुठे आहे याची चौकशी करत राहावे. बाळे किंवा केगाव परिसरात खोली घ्यायची झाल्यास भाड्याच्या आधी पाण्याची चौकशी करावी. सोलापूर शहरात नळाला दररोज पाणी येत नाही, हे येथल्या माणसाला सांगावे लागत नाही, पण बाहेरगावच्या विद्यार्थ्याला ते पहिल्याच आठवड्यात जाणवते. पाणी किती दिवसांआड येते, साठवणुकीची टाकी किती मोठी आहे, बोअर आहे का आणि उन्हाळ्यात टँकर आणावा लागला तर त्याचे पैसे कोण देते, हे घरमालकाला स्पष्ट विचारून घ्यावे. जेवणाचे पैसे वाचवायचे असतील तर घरून आणलेली कडक भाकरी आणि शेंगाचटणी यांना पर्याय नाही. दोन्ही पदार्थ बरेच दिवस टिकतात आणि परीक्षेच्या काळात खानावळीपर्यंत जाण्याचा वेळही वाचतो.

पहिल्या महिन्यात काय करावे

विद्यापीठात विभागांना संकुल म्हणतात. आपल्या संकुलाच्या सूचना फलकाचा रोज एक फोटो काढून ठेवण्याची सवय लावावी. व्हॉट्सअॅप गटावर आलेली सूचना पुष्कळदा अर्धवट किंवा उशिरा आलेली असते. फलकावरची सूचना मात्र सही-शिक्क्याची असते.

अभ्यासक्रमाची प्रत संकेतस्थळावरून उतरवून, छापून जवळ ठेवावी आणि तिच्यातील क्रेडिटचा हिशेब समजून घ्यावा. लेखी विषयाचे एक क्रेडिट म्हणजे १५ तासांचे अध्यापन, म्हणजे चार क्रेडिटचा पेपर ६० तासांचा. प्रात्यक्षिकात एका क्रेडिटसाठी ३० तास लागतात. हे कळले की कोणत्या घटकाला किती वेळ द्यायचा याचा अंदाज येतो, आणि एखाद्या विषयाचे तास होत नसतील तर नेमके किती राहिले आहेत हे प्राध्यापकांना नम्रपणे पण ठामपणे सांगता येते.

मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यांची खरी अडचण इंग्रजी पुस्तकांची असते. तिच्याविषयी मोकळेपणाने बोलले जात नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते, कारण ही अडचण बुद्धीची नसून सवयीची आहे. सोलापुरात तर वर्गातील कितीतरी मुलांच्या घरी तेलुगू, कन्नड किंवा उर्दू बोलली जाते, मराठी ही त्यांनी शाळेत कमावलेली भाषा असते आणि इंग्रजी तिसरी किंवा चौथी. दोन-तीन भाषा सहज वापरणाऱ्या मुलांनी आणखी एका भाषेला घाबरण्याचे कारण नाही. उपाय असा करावा की प्रत्येक घटक आधी मराठीत समजून घ्यावा, त्यातील संकल्पना स्वतःच्या शब्दांत चार ओळींत लिहाव्यात आणि मगच इंग्रजी प्रकरण उघडावे. अर्थ आधीच हाताशी असला की इंग्रजी वाक्य अर्धे आपोआप उलगडते. तिघा-चौघांनी एकत्र बसून एकाने मोठ्याने वाचावे आणि दुसऱ्याने थांबवून अर्थ सांगावा. पहिले दोन महिने हे काम कंटाळवाणे वाटते, दिवाळीनंतर गती येते. आपल्या विषयात उत्तरपत्रिका मराठीत लिहिता येते का, हेही सुरुवातीलाच विचारून घ्यावे.

ग्रंथालयात केवळ पाठ्यपुस्तकांसाठी जाऊ नये. देशभरातील पीएच.डी. प्रबंध शोधगंगा या संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतात, आणि स्वतःच्या विषयावरील एखादा मराठी प्रबंध चाळला तरी संदर्भ कसे द्यावेत, प्रकरणे कशी पाडावीत, हे दिसते. शहरात मुक्काम असेल तर हिराचंद नेमचंद वाचनालयाचे सदस्यत्वही घ्यावे.

अर्ज कसा लिहावा आणि कसा द्यावा

या भागाकडे विशेष लक्ष द्यावे, कारण येथेच सर्वाधिक विद्यार्थ्यांची दमछाक होते. समजा, दुसऱ्या सत्राच्या गुणपत्रिकेत एका पेपरचे अंतर्गत गुण आलेलेच नाहीत आणि विद्यार्थी अनुत्तीर्ण दिसतो आहे. अशा वेळी बहुतेक जण परीक्षा विभागाच्या खिडकीवर जाऊन तोंडी सांगतात, “बघतो, दोन दिवसांनी या” असे उत्तर ऐकून परततात आणि हेच महिनाभर चालते. खिडकीवरची व्यक्ती मुद्दाम टाळते असे नाही. तिच्यासमोर त्या दिवशी असे शंभर जण उभे असतात आणि तोंडी सांगितलेल्या गोष्टीची कुठेही नोंद राहत नाही.

योग्य पद्धत अशी आहे. कोऱ्या कागदावर प्रति, दिनांक आणि विषय लिहावा. विषयाची ओळ नेमकी असावी: “एम.ए. सत्र २, पेपर क्रमांक ३ चे अंतर्गत गुण गुणपत्रिकेत न आल्याबाबत.” त्याखाली संपूर्ण नाव, पीआरएन (विद्यापीठाने दिलेला कायम नोंदणी क्रमांक), परीक्षेचा आसन क्रमांक, संकुल आणि मोबाइल क्रमांक द्यावा. मजकूर सहा-सात ओळींपेक्षा मोठा नसावा. काय घडले, ते कधी लक्षात आले आणि नेमकी कोणती दुरुस्ती हवी, एवढेच लिहावे. घरची परिस्थिती, झालेला मनस्ताप वगैरे लिहू नये, कारण त्याने फाइल पुढे सरकत नाही. गुणपत्रिकेची झेरॉक्स आणि अंतर्गत परीक्षेला हजर असल्याचा जो पुरावा असेल तो जोडावा आणि सोबतच्या कागदांची यादी अर्जाच्या शेवटी लिहावी.

हा अर्ज आधी संबंधित प्राध्यापकांना दाखवावा, कारण पुष्कळदा चूक संकुलातून गुण पाठवताना झालेली असते आणि तेथेच तिचा उलगडा होतो. त्यानंतर संकुल संचालकांची शिफारस घेऊन अर्ज आवक-जावक विभागात द्यावा. अर्जाच्या दोन प्रती असाव्यात. एक कार्यालयाकडे राहते, दुसरीवर आवक क्रमांक आणि तारखेसह शिक्का मारून घ्यावा. ही पोच म्हणजे तुमचा अर्ज कार्यालयाच्या नोंदवहीत आल्याचा पुरावा, आणि ती न घेता खिडकीवरून हलू नये. पंधरा दिवसांत काही झाले नाही, तर त्याच आवक क्रमांकाचा उल्लेख करून स्मरणपत्र द्यावे. पुढच्या वेळी चौकशीला जाताना “माझे काम झाले का” असे न विचारता “अमुक तारखेच्या अमुक आवक क्रमांकाचा अर्ज कोणाच्या टेबलावर आहे” असे विचारावे. उत्तर लगेच वेगळे मिळते.

एवढे करूनही दाद लागली नाही, तर विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या विनियमांनुसार विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे जाता येते. समितीने १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यावा आणि निर्णय मान्य नसल्यास विद्यार्थ्यांच्या तक्रारींसाठी नेमलेल्या लोकपालांकडे अपील करता यावे, अशी त्यात तरतूद आहे. रॅगिंगचा प्रसंग आला तर मात्र अर्जविनंतीत वेळ घालवू नये. महाराष्ट्रात १९९९ च्या कायद्याने तो गुन्हा आहे आणि १८००-१८०-५५२२ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर केव्हाही तक्रार करता येते.

शिष्यवृत्ती

शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटी संकेतस्थळावर भरला जातो, पण अर्ज भरला म्हणजे काम संपले असे नाही. तो आधी शिक्षणसंस्थेच्या आणि नंतर संबंधित शासकीय विभागाच्या पडताळणीतून जातो. कोणत्याही टप्प्यावर त्रुटी निघाली तर अर्ज परत येतो आणि मुदतीत दुरुस्ती झाली नाही तर वर्ष वाया जाते. म्हणून दर आठवड्याला खात्यात जाऊन स्थिती पाहावी. बँक खाते आधारशी जोडलेले असणे आवश्यक आहे. दुसऱ्या वर्षी अर्जाचे नूतनीकरण करावे लागते, आणि अनेक जण नेमके तेच विसरतात. राजर्षी शाहू महाराज शुल्क शिष्यवृत्ती, डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आणि अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठीची स्वाधार योजना यांपैकी आपल्याला काय लागू होते, हे समाजकल्याण कार्यालयात किंवा विद्यापीठाच्या शिष्यवृत्ती विभागात प्रत्यक्ष जाऊन विचारावे. कमवा आणि शिका योजनेत काम मिळाले तर ते अवश्य करावे.

प्रकल्पासाठी सोलापूरच हाताशी आहे

पदव्युत्तर अभ्यासक्रमात आता संशोधन पद्धती, प्रत्यक्ष कामाचे प्रशिक्षण आणि संशोधन प्रकल्प यांना स्वतंत्र क्रेडिट्स आहेत. आदल्या वर्षीच्या प्रकल्पाचे नाव बदलून देण्याची वाईट प्रथा पडते आहे. तिच्या वाटेला जाऊ नये, कारण मुलाखतीत सर्वाधिक प्रश्न याच कामावर येतात. शिवाय विषयांसाठी पुण्या-मुंबईला जाण्याची गरज नाही. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचे राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र केगावातच आहे. नान्नजला माळढोक अभयारण्य आहे, आणि तेथील गवताळ माळरान पर्यावरण व प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यांना खुणावणारे आहे. जिल्ह्यातील साखर कारखान्यांची मळी आणि सांडपाणी हा रसायनशास्त्राचा विषय आहे, उजनी धरणाचे पाणी भूशास्त्राचा आणि राज्यशास्त्राचाही. शहराच्या पूर्व भागातील यंत्रमाग, चादर आणि टॉवेलचा व्यवसाय, घरी बसून विड्या वळणाऱ्या स्त्रियांचे अर्थकारण, १९३० चा मार्शल लॉ आणि १२ जानेवारी १९३१ रोजी फाशी गेलेले चार हुतात्मे, यांवर अर्थशास्त्र, समाजशास्त्र आणि इतिहासाच्या विद्यार्थ्यांना वर्षानुवर्षे पुरेल एवढे काम आहे. विड्या वळणाऱ्या बाईंशी तेलुगूत बोलू शकणारा विद्यार्थी जी माहिती आणेल, ती बाहेरून आलेल्या संशोधकाच्या प्रश्नावलीत सापडणार नाही. मार्गदर्शकांकडे जाताना “विषय सुचवा” असे न म्हणता दोन विषय आणि प्रत्येकासाठी माहिती कुठून मिळेल याचे अर्धे पान लिहून न्यावे.

परीक्षा, निकाल आणि शेवटची कागदपत्रे

उन्हाळी परीक्षेच्या काळात सोलापूरचा पारा ४० अंशांच्या वर असतो. पाण्याची बाटली, टोपी आणि लवकर निघणे, एवढे पाळावे. जानेवारीत सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत नंदीध्वजांच्या मिरवणुकीमुळे शहरातील वाहतूक वळवलेली असते. त्या आठवड्यात अंतर्गत चाचणी असेल तर शहर ओलांडून येणाऱ्यांनी एक तास हाताशी ठेवावा.

गुण अपेक्षेपेक्षा फार कमी आले, तर थेट पुनर्मूल्यांकनाचा अर्ज न भरता आधी उत्तरपत्रिकेची छायांकित प्रत मागवावी. ती आपल्या प्राध्यापकांना दाखवून, गुण वाढण्यास खरोखर वाव दिसला तरच पुढचे शुल्क भरावे. या अर्जांची मुदत निकालानंतर मोजक्या दिवसांची असते. ती हुकल्यास माहितीच्या अधिकाराखाली दहा रुपये शुल्क भरून उत्तरपत्रिका मागता येते. तपासलेली उत्तरपत्रिका विद्यार्थ्याला पाहता येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये दिलेला आहे.

शेवटच्या सत्राचा निकाल लागल्यावर सर्व सत्रांच्या मूळ गुणपत्रिका ताब्यात घ्याव्यात, ग्रंथालयाचे आणि प्रयोगशाळेचे ना-देय प्रमाणपत्र मिळवून अनामत रकमेच्या परताव्यासाठी अर्ज द्यावा आणि पदवी प्रमाणपत्राचा अर्ज दीक्षान्त समारंभाच्या मुदतीत भरावा. नोकरी लागून पुण्याला गेल्यावर या कागदांसाठी रजा काढून यावे लागते, तेव्हा सामान बांधण्यापूर्वीच हे सगळे उरकून घ्यावे.