पुढचं चाक जमिनीवर ठेवून बाइक जोरात कशी सोडायची

मागचं चाक जिथे टेकतं तिथून गुरुत्वमध्य किती पुढे आहे, त्याला त्याच्या उंचीने भागा; पुढचं चाक न उचलता बाइकचा वेग किती झपाट्याने वाढू शकतो, त्याची मर्यादा मिळते. स्वारासकट दोन्ही अंतरं ७०० मिमी असतील तर ही मर्यादा साधारण १ जी (गुरुत्वाकर्षणाइतका प्रवेग), म्हणजे शून्यापासून १०० किमी वेग गाठायला २.८ सेकंद. याहून जास्त ओढ दिली की पुढचं चाक उचलणारच, इंजिन कितीही भारी असो.

म्हणून आधी अंग पुढे न्या. पोट टाकीला, छाती खाली, कोपर वाकलेले. हँडलला लटकू नका; बाइक सुटताच अंग मागे जातं आणि मूठ आणखी पिळली जाते.

पहिला गिअर, आरपीएम मध्यम आणि स्थिर. आता खरं काम क्लचचं. लिव्हर पकड घेऊ लागते तिथपर्यंत सोडा, बाइक हलली की थोडी थोडी सोडत जा. झटक्यात सोडली तर चाक उठतं, नाहीतर इंजिन बंद पडतं. चाक हलकं वाटलं तर क्लच किंचित दाबा किंवा मागचा ब्रेक अलगद लावा. थ्रॉटल एकदम बंद करू नका, चाक आपटतं.

क्लच जळका वास देऊ लागला की थांबा, थंड होऊ द्या.

बाइकमध्येही बदल करता येतो: फोर्क (पुढच्या चाकाचे दोन दांडे) क्लॅम्पमध्ये ५ मिमी वर सरकवले तर पुढची बाजू खाली येते, पण हँडल चंचल होतं. चेन अॅडजस्टरने मागचं चाक आणखी मागे नेणं त्याहून बरं, मात्र चेन त्या लांबीची हवी. हा सराव बंद ट्रॅकवरच.