सुट्टीत डोंगरवाटेवर सायकल चालवायची तर: वाट निवडण्यापासून पंक्चर काढण्यापर्यंत

१. वाट निवडताना

नवखे लोक किलोमीटर बघून वाट निवडतात आणि तिथेच फसतात. डांबरी रस्त्यावर तासाभरात १५-२० किलोमीटर सहज होतात, पण जंगलातल्या अरुंद, मुळ्यांनी भरलेल्या वाटेवर ताशी ७-८ झाले तरी पुष्कळ. म्हणून नकाशावर आधी एकूण चढ किती मीटरचा आहे ते बघा, अंतर नंतर. पहिल्या दिवशी १०-१२ किलोमीटर आणि ३०० मीटरच्या आत चढ पुरे.

पाट्यांचे रंगही नीट वाचा. उत्तर अमेरिकेत सोप्याकडून अवघडाकडे हिरवा, निळा, काळा असा क्रम असतो. ब्रिटनमध्ये निळ्या-काळ्याच्या मध्ये लाल येतो. रस्त्यावर कितीही सराव असला तरी सुरुवात एक पायरी खालच्या रंगाने करा.

२. भाड्याची सायकल ताब्यात घेताना

दुकानाच्या दारातच दहा मिनिटे घालवा. पुढचा ब्रेक दाबून धरा आणि सायकल पुढे-मागे हलवा. हँडलच्या मुळाशी खट्खट् जाणवली तर दुसरी सायकल मागा. ब्रेकचा दांडा हँडलला टेकेपर्यंत दाबला जात असेल, तरीही तेच. पुढचा ब्रेक कोणत्या हाताला आहे हे आवर्जून विचारा: भारतात आणि ब्रिटनमध्ये तो सहसा उजवीकडे, तर युरोप-अमेरिकेत बहुधा डावीकडे असतो. उतारावर घाईत चुकीचा दांडा करकचून दाबला, तर माणूस हँडलवरून पुढे फेकला जातो.

सीटची उंची: पेडल सर्वांत खाली असताना त्यावर टाच ठेवली की पाय सरळ व्हायला हवा. ही चढाची उंची. उतारावर सीट खाली करायची.

टायरमधली हवा हा सगळ्यात दुर्लक्षित भाग. टणक फुगवलेला टायर दगडावरून उसळतो आणि ओल्या मुळीवरून घसरतो. ७० किलो वजनाच्या माणसाने २.३ इंची, ट्यूब असलेल्या टायरमध्ये पुढे साधारण २६ आणि मागे २९ पीएसआय (हवेच्या दाबाचे माप) इथून सुरुवात करावी. ट्यूबलेस असेल तर तीन-चार कमी. फारच कमी केली तर दगडावर आदळताना ट्यूब रिमखाली चिमटली जाते आणि तिला शेजारी-शेजारी दोन चिरा पडतात.

३. चढावर

चढ सुरू व्हायच्या आधीच हलका गिअर टाका. जोर लावत असताना बदलला तर चेन कडकडते, कधी तुटतेही. बसूनच चालवा. उभे राहिलात की मागच्या चाकावरचा भार जातो आणि ते जागच्या जागी फिरते.

४. उतारावर

सीटवरून उठा, दोन्ही पेडल जमिनीला समांतर, कोपरे बाहेर, गुडघे सैल. प्रत्येक ब्रेकवर एकच बोट, बाकी बोटांनी हँडल घट्ट धरा. नजर पुढच्या चाकावर नको, दहा-बारा मीटर पुढे हवी. ज्या दगडाकडे टक लावाल, त्यावरच जाल.

वेग वळणाच्या आधी कमी करा, वळणात ब्रेक सोडा. ओली मुळी आडवी असेल तर शक्यतो काटकोनात ओलांडा. त्या क्षणी ब्रेकही नको आणि हँडल वळवणेही नको. लांब उतारावर ब्रेक सतत दाबून धरले तर तापतात आणि पकड ढिली पडते. त्यापेक्षा थोडा वेळ जोरात दाबा, मग सोडा. हात भरून आले तर थांबा. अवघड तुकडा पायी उतरण्यात कसली आली लाज?

चालणाऱ्यांना नेहमी आधी जाऊ द्या, चढून येणाऱ्या सायकलस्वारालाही. पाऊस झाल्यावर चाकांच्या खोल खुणा उमटत असतील तर परत फिरा. त्या चरांमधून पाणी वाहते आणि वाट धुपून जाते.

५. सोबत काय, आणि पंक्चर झाले तर

हेल्मेट, हातमोजे, तासाला अर्धा लिटर पाणी, चाकाच्या मापाची ट्यूब, टायर काढायचे दोन लिव्हर, पंप, षटकोनी चाव्यांचा संच. नकाशा फोनमध्ये उतरवून घ्या, जंगलात रेंज नसते.

पंक्चर झाल्यास टायरची एक कड काढून जुनी ट्यूब बाहेर ओढा. नवी घालण्याआधी टायरच्या आतून सावकाश बोट फिरवा. काटा तिथेच रुतलेला राहिला तर नवी ट्यूबही लगेच पंक्चर होते.