वापरलेली लेन्स घेताना

कमी खर्चात कॅमेऱ्यासाठी चांगली लेन्स हवी असेल, तर ५० मिलिमीटर (नाभीय अंतर), एफ/१.८ (म्हणजे भरपूर प्रकाश आत घेणारी) ही झूम नसलेली लेन्स आधी पाहावी. मात्र एपीएस-सी, म्हणजे फुल-फ्रेमपेक्षा (३५ मिलिमीटर फिल्मच्या चौकटीएवढ्या सेन्सरपेक्षा) लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर तिचे दृश्य ७५ ते ८० मिलिमीटरच्या लेन्सइतके अरुंद होते, त्यामुळे छोट्या खोलीत ३५ मिलिमीटरच सोयीची ठरते. माउंट, म्हणजे लेन्स कॅमेऱ्याला बसवण्याची जोडणी, आपल्या कॅमेऱ्याला जुळतो ना, हेही पाहावे. वापरलेली लेन्स घेताना दोन्ही झाकणे काढून मागून विजेरीचा तिरपा झोत टाकावा: आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले, तर ती बुरशी समजावी आणि किंमत कितीही मोहात पाडणारी असली तरी लेन्स परत द्यावी. धुळीचे दोन-चार कण छायाचित्रात सहसा उमटत नाहीत. त्यांवरून घासाघीस मात्र खुशाल करावी.