कळलावी लावताना कंदाचं टोक जपा

श्रावणात बांधावरच्या कुंपणातून पिवळ्या-लाल ज्वाळांसारखी डोकावणारी कळलावी घरच्या कुंडीतही छान येते. पावसाळा संपला की वेल वाळतो, पण कंद मातीखाली जिवंत राहतो आणि उन्हाळा पाण्याशिवाय काढतो. दरवर्षी नवी लागवड करावी लागत नाही.

कंद इंग्रजी व्ही अक्षरासारखा, दोन फाट्यांचा असतो. कोंब फक्त फाट्याच्या टोकाला येतो. टोक मोडलं तर तो फाटा वाया गेलाच म्हणून समजा. कंद हाताळताना घाई नकोच. मे अखेरीस आडवा ठेवून दोन-तीन इंच खोल लावा. मातीत निम्मी वाळू किंवा बारीक मुरूम हवा, पाणी साचलं की कंद कुजतो. पानांची टोकंच वळून आधार पकडतात, म्हणून बारीक काड्या किंवा जाळी द्या. जाड बांबू त्यांना धरता येत नाही.

पानं पिवळी पडली की पाणी पूर्ण बंद. कुंडी आडोशाला सरकवा आणि पहिल्या पावसापर्यंत हात लावू नका. इथेच बहुतेकांची कळलावी जाते: कुंडी रिकामी दिसते, मग पाणी घातलं जातं.

सगळी वनस्पती विषारी आहे, कंद सर्वाधिक. हातमोजे घाला, मुलं आणि जनावरांपासून दूर ठेवा, कंद स्वयंपाकघरात तर अजिबात नको. आणि रानातून उपटून आणू नका, रोपवाटिकेतूनच घ्या.